पेंडीच्या टीमचं बारसं

नातीनं जर्सी कॉटवर फेकली आणि म्हणाली, "मी ही घालणार नाही."

मी शेंगा सोलत बसले होते. हात पदराला पुसले आणि जर्सी उलगडून बघितली. कापड चांगलं होतं, हलकं, लगेच वाळेल असं. छातीवर म्हशीचं हे एवढं तोंड, शिंगं पार खांद्यापर्यंत गेलेली, आणि खाली पेंडीचं नाव. ते नाव मी इथं लिहीत नाही. जाहिरातीला त्यांच्याकडे पैसे आहेत, त्यांना माझी गरज नाही.

"म्हैस बरी काढलीय," मी म्हणाले. "डोळे तेवढे गाईचे झालेत."

"आज्जी, मी चेष्टा करत नाहीये."

"मी तरी कुठं करतेय?"

नात म्हणजे माझ्या मुलाची मुलगी. भिंगारच्या मुलींच्या फुटबॉल टीममध्ये ती गोल राखते. आमच्या जिल्ह्यात फुटबॉलची लीग चालते. आधी ती जिल्ह्याच्या नावानं चालायची. जिल्ह्याचं नाव बदललं तसं बॅनरवरचं नावही बदललं, पण बाकी सगळं तेच राहिलं. म्हणजे खर्चाला कुणी नाही, गवत नाही, आणि जिंकलेल्या टीमला एक ढाल आणि नारळ. गेल्या वर्षी लीग भरलीच नाही. यंदा एका पशुखाद्याच्या कंपनीनं ती घेतली. कंपनी म्हणाली, मुलींनाही करार करून घेऊ, खेळण्याचं मानधन देऊ, बाहेरगावच्या मॅचला गाडी देऊ. त्याच्या बदल्यात लीगला कंपनीचं नाव, आणि प्रत्येक टीमला कंपनीच्या एकेका मालाचं नाव. शेवगावच्या टीमला वासरांची पेंड आली. पाथर्डीच्या टीमला खनिज मिश्रण आलं. आमच्या पोरींच्या वाट्याला दुभत्या जनावरांची पेंड.

आता कॉलेजातल्या मुलींना दुभत्या जनावरांची पेंड म्हटल्यावर मुलं काय करणार? नात सायकलवरून निघाली की चौकातली टोळकी हंबरायची. एकानं विचारलं, "काय गं, सकाळचं किती लिटर?" नातीनं त्याला जे उत्तर दिलं तेही मी इथं लिहीत नाही.

सगळ्या पोरींनी ठरवलं होतं की जर्सी घालायची नाही. आणि कंपनीनं ठरवलं होतं की उद्घाटनाला जी टीम जर्सी घालून मैदानात येणार नाही, तिची जागा राहुरीच्या टीमला द्यायची. राहुरीची टीम वाटच बघत होती. वर माझ्या मुलानं नातीला सांगून ठेवलं होतं, "यंदा लीग झाली आणि तू खेळलीस तर पुढचं बघू. नाहीतर फुटबॉल बंद. परीक्षा दे आणि आम्ही स्थळं बघतो." माझा मुलगा वाईट नाही. पण एकदा बोलला की भिंतीसारखा उभा राहतो, हे त्यानं माझ्याकडून घेतलंय.

मी मूळची पाथर्डीकडची. लग्न होऊन भिंगारला आले. आमचे हे लष्कराच्या डेपोत सिव्हिलियन कामगार होते. पगारात भागायचं नाही म्हणून मी मागच्या अंगणात दोन म्हशी बांधल्या आणि गल्लीत रतीब घातला. आमच्या गल्लीत फुटबॉल आला तो जवानांमुळे. संध्याकाळी ते कुंपणाच्या आत खेळायचे. चेंडू बाहेर आला की आमची पोरं तो परत द्यायच्या आधी चार लाथा मारून घ्यायची. जवान ओरडायचे, पण हसत ओरडायचे. पुढं एका जवानानं जुना चेंडूच देऊन टाकला. त्या माणसाचं गावसुद्धा मला माहीत नाही. पण गल्लीतली निम्मी पोरं दारूच्या वाटेला गेली नाहीत ती त्या चेंडूमुळे, असं मला वाटतं.

नंतर एक रिटायर सुभेदार आमच्या शेजारी राहायला आले. त्यांनी मुलींची टीम उभी केली आणि तिला आमच्या गल्लीचंच नाव दिलं. सुभेदारांना मुलं नाहीत. पहाटे शिट्टी वाजवून ते पोरी गोळा करायचे. आया शिव्या द्यायच्या आणि पोरींना उठवायच्या, दोन्ही एकदमच.

तर ते गल्लीचं नाव आता जाणार होतं.

मला खरं सांगायचं तर नावाचं काही वाटलं नव्हतं. मला कंपनीचा चांगुलपणा दिसला तो संडासात. मैदानावर पोरींना जायला जागा नव्हती. मॅचच्या दिवशी नात सकाळपासून पाणी प्यायची नाही. उन्हात पळायचं आणि घोटभर पाणी नाही, का, तर जायचं कुठं? एकदा गोलखांबाला धरून उभी होती ती तशीच खाली बसली, डोळे पांढरे. कंपनीनं लीग घेतली आणि आधी मैदानाच्या कडेला पोरींसाठी पक्की खोली बांधली. आत नळ, नळाला पाणी, दाराला कडी. शनिशिंगणापूरला घरांना दारं नसतात, तो देवाचा मामला आहे. पोरींच्या संडासाला दार लागतं. मी स्वतः आत जाऊन कडी लावून बघितली होती. बाहेर आले तेव्हा मनात म्हटलं, ज्यानं ही कडी बसवली त्याचं नाव पाटीवरच काय, माझ्या कपाळावर लिहा.

हेच मी नातीला सांगितलं.

"संडास बांधला म्हणून आमचं नाव बदलायचं?" ती म्हणाली.

"नाव बदलल्यानं अंग झिजतं का? माझं न्हाई बदललं? लग्नात ताटात तांदूळ पसरले, तुझ्या आजोबांनी अंगठीनं नवं नाव लिहिलं, झालं. मी काय मेले?"

"तुला विचारलं होतं?"

मी शेंग फोडली.

"आज्जी, तुझं आधीचं नाव आता कुणाला माहीत आहे?"

"मला हाय की."

"तुला एकटीला."

माझी आई गेल्यापासून ते नाव माझ्या कानावर पडलेलं नाही, हे मला शेंगा सोलता सोलता पहिल्यांदा ध्यानात आलं. वाईट वाटलं असं नाही. पण पोरीचं बोलणं खोटं नव्हतं.

"म्हशीचं काही नाही गं," नात खाली बसत म्हणाली. तिनं माझ्यापुढच्या शेंगा ओढल्या. "म्हैस चालेल. पोरांचं हंबरणंही चालेल. पण आम्हाला कुणी विचारलंच नाही. सुभेदार काकांनाही नाही. एक दिवस बॉक्स आला आणि बॉक्समध्ये आमचं नाव."

"मग जाऊन इचार."

"कोणाला? मेसेज केला होता. 'आपला अभिप्राय आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' असं आपोआप उत्तर आलं."

दोन दिवसांनी घरोघरी पत्रिका आल्या. चकचकीत, वर पुन्हा म्हैस. मी चौथी शिकलेली आहे, मला वाचता येतं. त्यावर लिहिलं होतं, 'लीगचे उद्घाटन व संघांचा नामकरण सोहळा', आणि खाली, 'सहकुटुंब उपस्थित राहावे'.

माझी शेजारीण पत्रिका घेऊन आली. "नामकरण म्हंजी बारसंच न्हवं?"

"बारसंच."

"मग पाळना कुनाचा न्यायचा?"

आता कुणी हसेल. पण आम्हाला तेव्हा त्यात काही चुकलं असं वाटलं नाही. नामकरणाचं बोलावणं आलंय, तेही सहकुटुंब. रिकाम्या हातानं कोण जातं? शेजारणीच्या नातवाचा पाळणा माळ्यावर होता, तो उतरवला. दुसरीनं गहू-हरभऱ्याच्या घुगऱ्या शिजवल्या, चांगलं पातेलंभर. कुणी काजळाची डबी घेतली, कुणी झबलं. "चेंडूला झबलं बसंल का गं?" यावर वाद झाला. गल्लीतल्या सगळ्या बायका नटून, पाळणा दोघींनी धरून, संध्याकाळी मैदानावर निघालो. सुभेदार वाटेत भेटले. त्यांनी पाळणा बघितला, माझ्याकडे बघितलं, आणि पातेलं उचलून घेतलं.

मैदानावर मोठं स्टेज, पडदा, कर्णे. नात आणि तिच्या टीमच्या पोरी कडेला उभ्या होत्या, आपल्या रोजच्या कपड्यांत. जर्स्या पिशवीतच. बाकीच्या टीमा आपापल्या जर्सीत रांगेनं उभ्या. राहुरीच्या पोरी मागं बूट बांधून तयार. मला बघून नातीनं कपाळाला हात लावला.

कंपनीची एक मुलगी पळत आली. कानाला यंत्र, हातात कागद. "आजी, आजी, हे काय आहे?"

"पाळना."

"पण कशासाठी?"

"बारसं हाय न्हवं?"

तिनं पत्रिका बघितली, पाळणा बघितला, आणि तिला हसू आवरेना. चांगली मुलगी. म्हणाली, "आजी, तो आपला छापायचा शब्द आहे हो. पडद्यावर नावं येणार, फटाके उडणार, संपलं."

"मग घुगऱ्या कुनी खायच्या?" शेजारीण म्हणाली.

तेवढ्यात कंपनीचे मालक आले. साठीच्या पुढचे, पांढरा शर्ट. त्यांनी बायकांचा घोळका बघितला आणि माझ्यापाशी येऊन थांबले. "आक्का, तुम्ही त्या मारक्या म्हशीवाल्या ना?"

मी नीट बघितलं. हा तर तोच पोरगा. फार पूर्वी, कंपनी-बिंपनी काही नव्हती तेव्हा, हा टेम्पोतून पेंडीची पोती घेऊन भिंगारला यायचा. माझी एक म्हैस मारकी होती. तिनं ह्याला एकदा शिंगानं उचलून शेणात टाकला होता. मी त्याला अंगणात नळाखाली धुतला, आमच्या ह्यांचा शर्ट दिला, आणि पोतं परत मोजून घेतलं.

"तूच व्हय तो?" माझ्या तोंडून अरे-तुरेच गेलं. "कंबर बरी हाय का आता?"

"पावसाळ्यात दुखते अजून."

"म्हनूनच म्हशीचं तोंड छापलंस व्हय, सूड म्हनून?"

तो असा हसला की कंपनीची माणसं एकमेकांकडे बघायला लागली. मग मी त्याला जे सांगायचं होतं ते सांगितलं. म्हटलं, तुझ्या पेंडीवर माझ्या म्हशी जगल्या, त्यांच्या दुधावर माझी पोरं मोठी झाली. आता तू माझ्या नातीला पाणी प्यायची सोय केलीस. माझ्याकडून तुला आशीर्वादच आहे. त्यानं मान खाली घातली.

शेजारीण मात्र बारशावरून हटायला तयार नव्हती. "ते ऱ्हाऊ द्या. नाव कानात कोन सांगनार? बारसं म्हनलं की आत्या पायजे."

"नाव देतो त्यो बाप," दुसरी म्हणाली. "बापाची भैन आना."

"माझ्या बहिणी गावाकडं आहेत," मालक म्हणाले. ते आता पुरते ह्या खेळात आले होते. "आक्काच होतील आत्या."

झालं. पाळणा स्टेजसमोर मांडला. चेंडूला झबलं बसलं, थोडं ओढून. बायकांनी रीत केली, एकीनं पाळण्यावरून चेंडू द्यायचा, दुसरीनं पाळण्याखालून घ्यायचा. आमच्या टीमची एक पोरगी ओरडली, "काकू, पासिंग आमच्यापेक्षा चांगलं आहे!" पाथर्डीच्या खनिज मिश्रणातल्या पोरी रांग मोडून बघायला आल्या. कर्ण्यावरचा माणूसही माईक ठेवून बघायला आला.

माझी पाळी आली. मी पाळण्याशी वाकले. मागं बायका पाठीत धपाटे घालायला हात उगारून तयार. तेव्हा मला नातीचं बोलणं आठवलं, आणि मी परत सरळ झाले.

"आत्यानं नाव ठेवायचं असतंय," मी मालकांना म्हणाले. "बापानं सुचवायचं. खरं का न्हाई?"

"खरंय."

"मग तुमी सुचवलंत, आमी ऐकलं. आता पोरींना इचारू द्या. माझ्या येळंला कुनी इचारलं न्हवतं. ही पोर गेल्या आठवड्यात मला त्याच्यावरून टाकून बोलली, आन् तिचं खोटं न्हवतं."

मालक नातीकडे वळून म्हणाले, "बोला, ताई. तुमचं काय म्हणणं आहे?"

माझ्या नातीला मी गोलात उभी राहिलेली बघितली आहे, पण माझा जीव तेव्हा जेवढा वर आला तेवढा कधी आला नव्हता. ती नाही म्हणाली असती तर राहुरीच्या पोरी बूट बांधून तयारच होत्या, आणि घरी तिचा बाप. पोरी डोकी एकत्र करून कुजबुजल्या. मग ती पुढं आली.

"सर, आम्हाला तुमचं नाव नको असं नाही. आमचं जाऊ नये एवढंच. माझं नाव लिहिताना आधी माझं येतं, मग पप्पांचं, मग आडनाव. टीमचंही तसंच लिहा. आधी गल्लीचं. मधे तुमच्या पेंडीचं. शेवटी भिंगार."

कंपनीच्या मुलीनं लगेच कागदावर लिहून बघितलं. "छातीवर मावणार नाही, सर. पण पाठीवर जागा आहे. पहिलं नाव पाठीवर मोठं टाकता येईल."

"म्हैस?" मालकांनी विचारलं.

"म्हैस राहू द्या," नात म्हणाली. "आम्हाला तिची सवय झाली आहे."

मालक म्हणाले, "माझ्या मुलीच्या नावातही मी मधेच आहे. इथं काय बिघडतंय." आणि मी वाकून ते अख्खं नाव चेंडूच्या कानात सांगितलं, चेंडूला कान जिथं असेल तिथं. बायकांनी 'कुर्र' करून माझ्या पाठीत असे धपाटे घातले की मला आठवडाभर एका कुशीवर निजावं लागलं. शेजारणीनं जुनं उट्टं काढलं, मला तिचा हात ओळखता येतो. पोरी खोलीत पळाल्या, कडी लागल्याचा आवाज आला, आणि जर्स्या घालून बाहेर आल्या. सगळ्यांनी घुगऱ्या खाल्ल्या. राहुरीच्या पोरींनी जरा जास्तच खाल्ल्या, त्यांना तेवढा हक्क होता.

मालकांनी तिथल्या तिथं सांगितलं की बाकीच्या टीमांनाही विचारा. शेवगावकरांनी नावाची रांग आमच्यासारखीच लावून घेतली. पाथर्डीच्या पोरी म्हणाल्या, आम्हाला खनिज मिश्रण आवडलंय, दणकट वाटतं, तसंच राहू दे. ज्याची त्याची आवड.

पुढच्या रविवारी पहिली मॅच झाली. जर्सीच्या पाठीवर गल्लीचं नाव लांबून वाचता येईल एवढं मोठं होतं. मी खुर्ची घेऊन कडेला बसले. मालक येऊन शेजारी बसले. चौकातली हंबरणारी पोरं आली होती आणि तीही ओरडत होती, पण गल्लीचं नाव घेऊन. सगळं मैदान तेच एक नाव ओरडत होतं.

जरा वेळानं मालक माझ्याकडे वाकले. "आक्का, माझं नाव कुणीच घेईना."

"मधलं नाव हाकंला न्हाई लागत, दादा," मी म्हणाले. "ते कागदाला लागतं. तिथं कुनी काढनार न्हाई."

"ह्याचे मी पैसे भरलेत."

"बाप भरतोच."

ते हसले, मग नातीनं एक चेंडू आडवी झेप घेऊन बाहेर काढला तसे उठून उभे राहिले आणि स्वतःच गल्लीचं नाव ओरडायला लागले.

आमची टीम हरली. नातीनं दोन गोल खाल्ले. दुसरा तर मीसुद्धा अडवला असता, आणि तसं मी तिला सांगितलं. पण तिच्या ओठांना कोरड नव्हती. मधल्या सुट्टीत ती नळावर जाऊन पोटभर पाणी प्यायली होती आणि खोलीत जाऊन आली होती. ते बघायला मिळालं याबद्दल मी त्या माणसाची आभारी आहे, सुभेदारांची आहे, आणि त्या नाव माहीत नसलेल्या जवानाचीही आहे.

माझा मुलगा मैदानाच्या टोकाला मोटरसायकलवर बसून मॅच बघत होता. मला वाटलं होतं तो येणार नाही. पोरी बाहेर आल्या तसा तो गाडी ढकलत आमच्याकडे आला. नात घामानं निथळत होती. तिनं बापाकडे बघितलं आणि हातमोजे काढायला लागली.

"पुढची मॅच कुठं?" त्यानं विचारलं.

"शेवगावला. कंपनीची गाडी आहे."

"गाडी किती वाजता निघते ते मला सांग," तो म्हणाला. "मागनं मी येतो."